शेवया मागवल्या कुणी?

"एक वाक्य होतं माझं. अख्ख्या जन्मात एक. पण ते ऐकायला आता बसलंय कोण म्हणा."

न्हाणीघराच्या पातळ दारामागून हे शब्द आले आणि त्यांच्यामागून पाण्याचा एक डुबुक आवाज. दाराबाहेर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या शिगेहारुने ते ऐकले, आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याची सुरुवात तिथेच झाली. क्योतोमध्ये माणूस गरम पाण्याच्या हौदात बसून जे पुटपुटतो ते वाफेसाठी असतं. वाफ ते ऐकते, छताला जाऊन लागते, थेंब होऊन खाली पडते आणि विषय मिटतो. बाहेरच्याने टॉवेल आत सरकवायचा आणि "पाणी बरं होतं ना?" एवढंच विचारायचं. पण शिगेहारु पडला तोसा मुलखातला. तिकडची माणसं भूक लागली की "भूक लागली" असं सरळ म्हणतात. केस पिकेपर्यंत क्योतोत राहूनही त्याची ही खोड गेली नव्हती.

शिगेहारु कुझे घराण्याचा घरजावई. लग्नात त्याने स्वतःचं आडनाव समुद्रापलीकडे सोडलं आणि बायकोचं लावलं. त्याबद्दल त्याला कुणी कधी टोचून बोललं नाही. क्योतोत टोचतात, पण सुई दिसत नाही. त्याचं दुखणं वेगळंच होतं. सासरे रोकुरो कुझे यांनी त्याला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. "तोसाकर, टॉवेल." "तोसाकर, तुमची ती छत्री दारात आडवी आलीय." आणि कायम 'तुम्ही'. जावयाला अहोजाहो करण्यात मान असतो हे खरंच, पण इतक्या वर्षांनंतर तो मान पाहुण्याला दिलेल्या उशीसारखा वाटायला लागतो. मऊ असते, पण आपली नसते.

नोकरी म्हणाल तर शिगेहारु ट्राम कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या खात्यात होता. छत्र्या, एकेक हातमोजे, एकदा कुणाचे तरी वरचे दात. सगळ्यांचे मालक त्याने शोधून काढले होते. हरवलेली वस्तू कुठेतरी असतेच, आपण नीट विचारलेलं नसतं, अशी त्याची श्रद्धा होती. अशा श्रद्धेच्या माणसाला न्हाणीघराबाहेर उभं करू नये.

रोकुरो ऐन उमेदीत उझुमासाच्या सिनेमा-स्टुडिओत मरायच्या कामाला होते. नायकाने तलवार फिरवली की आजूबाजूला पंधरा-वीस माणसं कोसळतात, त्यांतले एक. पुढे तलवारीच्या सिनेमांना गिऱ्हाईक उरलं नाही आणि स्टुडिओने विनोदी हेरपटांचा घाणा घातला. मग रोकुरोंना नव्याने मरायला शिकावं लागलं. फाउंटन पेनातून सुटलेल्या सुईने, टेलिफोनच्या धक्क्याने, आणि एकदा तर विषारी मुळ्याच्या लोणच्याने. त्यातल्याच 'साडेतीन नंबरचा हेर' नावाच्या चित्रपटात त्यांना वाक्य मिळालं. शत्रूच्या भुयारी अड्ड्याच्या दारावर ते पहारेकरी. दार वाजतं. ते उघडतात, वळतात आणि म्हणतात, "सरदार, शेवयावाला आलाय. पण शेवया मागवल्या कुणी?"

बारकाईने पाहिलं तर ही दोन वाक्यं होतात, पण रोकुरो एक म्हणायचे आणि गल्लीही एकच म्हणायची. गल्लीतल्या प्रत्येकाला ते पाठ होतं. नवीन वर्षाला, शेजारच्या बारशाला, कुणाच्या तेराव्यालासुद्धा आग्रह झाला आणि रोकुरोंनी ते म्हणून दाखवलं. "मागवल्या"वर किंचित थांबून, डावी भुवई वर. लोक मान डोलवायचे. चहा ओतला जायचा.

पुढच्या वसंतात रोकुरोंना अठ्ठ्याऐंशीवं लागणार होतं. आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शनाचा थाट असतो तसाच थाट तिकडे अठ्ठ्याऐंशीला असतो. शिगेहारुने रात्रीच्या जेवणाला बायकोला सांगितलं, "आपण तो पिक्चर शोधायचा आणि गल्लीच्या सभागृहात सगळ्यांना दाखवायचा."

कानाए मुळा चिरत होती. तिची सुरी थांबली. "अहो, बाबांनी तो स्वतःसुद्धा पाहिलेला नाही."

"का?"

"लागला तेव्हा ते दुसऱ्या कुठल्यातरी पिक्चरमध्ये बुडून मरत होते. परत आले तोवर उतरला होता. गल्लीतले सगळे डबे घेऊन गेले होते म्हणे बघायला. सगळ्यांनी सांगितलं, फार छान होता."

"म्हणूनच तर."

"म्हणूनच तर काय?"

"म्हणूनच दाखवायचा."

कानाए पुन्हा मुळा चिरायला लागली. मुळा केव्हाच चिरून झाला होता, पण शिगेहारुच्या ते लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने खुद्द सासऱ्यांच्या कानावर घातलं. रोकुरो ओसरीवर बसले होते. मोतीबिंदूने त्यांचे डोळे दुधाळ झाले होते, तरी नजर बागेवरून हलली नाही. "कशाला हो एवढा व्याप. तुमच्यासारख्या कामाच्या माणसाला वेळ तरी कसा मिळतो."

"वेळ काढीन, बाबा."

"शेवाळ यंदा चांगलं आलंय," रोकुरो म्हणाले.

क्योतोच्या कुठल्याही पोराला कळलं असतं की म्हाताऱ्याने याहून मोठ्याने 'नको' म्हणणं शक्यच नाही. शिगेहारुला वाटलं, भिडस्त आहेत बिचारे. त्याने शेवाळाचीही स्तुती केली.

गल्लीच्या कमिटीचे अध्यक्ष निशिओ, लोणच्यांचे दुकानदार, वय ऐंशीच्या घरात. त्यांनी बेत ऐकला आणि हातातलं सलगम बराच वेळ न्याहाळलं. "वा. तोसाची माणसं उत्साही. आम्हाला इथे असलं काही सुचतच नाही." शिगेहारुने कमरेत वाकून आभार मानले. भिंतीपलीकडच्या ओकुदासान, त्याही निशिओंच्याच वयाच्या, केर काढता काढता म्हणाल्या, "जुने पिक्चर ना, आठवणीत असतात तेव्हाच किती स्वच्छ दिसतात."

"काळजी नको, ओकुदासान. पडदा मी धुऊन घेतो."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग केरसुणीकडे पाहिलं. "तुम्ही किती बघता हो सगळ्यांचं," असं म्हणून त्या आत गेल्या. शिगेहारु दिवसभर खुशीत होता.

स्टुडिओचा तो काळ आणि ती माणसं केव्हाच पांगली होती. जिथे फोन केला तिथून उत्तर आलं की हा चित्रपट आमच्याकडे नाही, होता असंही दिसत नाही. शिगेहारुने आपलं खात्यातलं कसब काढलं. वस्तू कशी दिसते, शेवटची कुठे दिसली, सोबत काय होतं. हे तो इतक्या लोकांना इतक्या चिकाटीने विचारत सुटला की शेवटी लोकांनी त्याच्यापासून सुटका म्हणून एकमेकांचे पत्ते दिले. पत्त्यावरून पत्ता करत तो ओनोमिची गावच्या एका सार्वजनिक स्नानगृहात पोचला. मालक हामाजिमा. बंबाच्या खोलीवरच्या माळ्यात या गृहस्थाने हेरपटांचे डबे रचून ठेवले होते, जसे बाकीचे लोक लाकडं रचतात.

"पिक्चर म्हणून भिकार आहे, हे आधीच सांगतो," हामाजिमा म्हणाले. "अड्ड्याच्या भिंतीला हात लागला की भिंत हलते. अणुबॉम्ब म्हणजे रंग दिलेला भाताचा डबा. हेर शत्रूच्या तळात शिरतो आणि आधी गाणं म्हणतो. बरं, शत्रू थांबून ऐकतात. दुसऱ्या कडव्याला साथ देतात."

"मग तुम्हाला आवडतं काय त्यात?"

हामाजिमांनी टॉवेलने मान पुसली. "माझा धंदा बघा. दिवसभर नागडी माणसं. अंगावर काही नसलं की माणूस फार गंभीर होतो, तुम्ही पाहिलंय? पोट आत घेतो, मान ताठ ठेवतो. या पिक्चरांत सगळं तसंच आहे. झाकायला काही नाही, आणि प्रत्येक जण किती मान ताठ ठेवून काम करतोय. तो हेर एवढा बावळट, की गुपित सुरक्षित राहतं कारण त्याला स्वतःलाच ते समजलेलं नसतं. मला तर रडू येतं कधी कधी."

"यात एक पहारेकरी आहे. शेवयावाल्याला दार उघडतो. आठवतो?"

"मी लहानपणी थेटरात पाहिला. पहारेकरी पुष्कळ होते हो. हा डबा मी कधी लावलेलाच नाही. फिल्म आकसलीय. एकदा चालेल, दुसऱ्यांदा चिंध्या. पण अखंड आहे. कुठे तुटून चिकटवल्याचा एक जोड नाही, सगळी बोटातून सोडून बघितलीय." डबा हातात देताना त्यांनी तो क्षणभर सोडला नाही. "एकदाच चालणारी वस्तू. माणसं चांगली बसवा समोर."

त्या अखंड वस्तूला व्हिनेगरचा वास येत होता. जुनी फिल्म कुजायला लागली की आंबते, हे शिगेहारुला आगगाडीत कळलं. समोरच्या बाईंनी आधी स्वतःचा डबा हुंगला, मग शेजारच्याचा, आणि मग सगळ्यांनी मिळून शिगेहारुकडे पाहिलं. ट्राम कंपनीत इतकी वर्षं इमानाने नोकरी केलेला माणूस पुढचे चार तास गाडीच्या दोन डब्यांमधल्या जागेत उभा राहून आला.

घरी फिल्मचे डबे मागच्या ओसरीवर ठेवले. संध्याकाळी भिंतीवरून ओकुदासानचा आवाज आला. "आज तुमच्याकडे सुशीचा आंबट भात दिसतोय. घरात कार्य असलं की गल्लीला कसं कळतं, नाही?"

"भात नाही, ओकुदासान. पिक्चर आहे. या ना वास घ्यायला."

त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या त्या बाजूच्या खिडक्या बंद झाल्या. म्हातारपणी थंडी जास्त वाजते, असं शिगेहारु कानाएला म्हणाला.  तिने निशिओंच्या दुकानातून सलगमाच्या लोणच्याची बरणी आणली आणि ती भिंतीपलीकडे देऊन आली. हल्ली ती वरचेवर कुठे ना कुठे लोणचं देऊन येत होती.

मग सरकारी कचेरी आली. फिल्म दाखवायचं जुनं यंत्र त्यांच्याकडे होतं, पण ते हात लावून चालवायचं तर त्याचं प्रशिक्षण लागतं, प्रशिक्षणाला किमान तीन माणसं लागतात, आणि या शतकात तेवढी जमलेली नव्हती. शिगेहारुने बालवाडीच्या दोन शिक्षिकांना गळ घातली. त्या दोघी पहिल्या तासात यंत्रात फिल्म ओवायला शिकल्या. शिगेहारुच्या शर्टाचा कफ यंत्रात ओवला गेला. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "तुमच्या हाताला घाई नाही, हे फार चांगलं आहे." शिगेहारुने हे घरी येऊन सांगितलं. रोकुरो त्या वेळी सूप पीत होते. सूप नाकात गेलं.

अग्निशमनवाल्यांचं म्हणणं वेगळंच. जुनी फिल्म पेट घेते. शिगेहारुने समजावलं की पेट घेणारी त्याच्याही आधीची. ही फक्त आंबते. टेबलामागचा माणूस म्हणाला, "पेटणाऱ्याचा नियम आहे, न पेटणाऱ्याचा आहे. आंबणाऱ्याचा बघावा लागेल." बघायला त्याला महिना लागला. तोवर वाढदिवस उलटून गेला. लाल घेवड्याचा भात झाला, सगळ्यांनी खाल्ला. रोकुरोंना त्या दिवशी इतकं हलकं वाटत होतं की त्यांनी आग्रहाशिवायच वाक्य म्हणून दाखवलं. शिगेहारु म्हणाला, "खरा कार्यक्रम अजून व्हायचाय, बाबा." रोकुरोंची डावी भुवई वर गेली होती ती तशीच राहिली.

शेवटी एका रविवारी दुपारी सभागृहाच्या खिडक्यांना काळे पडदे लागले. झाडून सगळी गल्ली आली. न येणं म्हणजे काहीतरी बोलल्यासारखं झालं असतं. ज्याने त्याने उशा पसरल्या, तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांच्या पिशव्या उघडल्या, आणि यंत्राजवळ आंबट वास आला तेव्हा प्रत्येक जण हवा छान पडल्याचं बोलला. रोकुरो मधोमध, ठेवणीतला तपकिरी अंगरखा घालून. त्यांनी दाढी दोनदा केली होती. हनुवटीला कापलं होतं. तेवढं पाहून शिगेहारुने यंत्राची काच पुन्हा एकदा पुसली.

दिवा लागला आणि भिंतीवरच्या पडद्यावर जांभळ्या कोटातला साडेतीन नंबरचा हेर कर्ण्याच्या तालावर जिन्यावरून घसरत आला. साडेतीन, कारण चौथ्या परीक्षेत अर्धा नापास. बुटाचा टेलिफोन करायला तो ट्रामच्या रुळावर बूट काढून बसला. खलनायकाला जगातले सगळे चहाचे मळे कडू करून टाकायचे होते. त्याची खोटी मिशी दर दृश्यात वेगळ्या जागी होती. पहिल्यांदा मागच्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. मग निशिओ हसले. मग ओकुदासान तोंडावर रुमाल धरून अशा हलायला लागल्या की त्यांची उशी सरकली. माणसं मरत होती, पुढच्या दृश्यात तीच माणसं चष्मा लावून परत येत होती. आणि रोकुरो दुधाळ डोळ्यांनी भिंतीकडे बघत हळूच म्हणत होते, "हा कितागावा. नुसत्या पडण्यावरून ओळखतो मी. गुडघे आधी टेकायचा... हा जिनपाची. वारला बिचारा. काय पडलाय बघा, पीठ सांडल्यासारखा."

यंत्राशेजारी उभ्या शिगेहारुला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. हरवलेल्या वस्तूच्या मालकाला वस्तू मिळताना त्याने पुष्कळदा पाहिलं होतं, पण असं नाही.

मग भुयारी अड्डा आला. भिंत हलली. हेर दारात शेवयावाल्याचा डगला चढवताना दिसला. ठक ठक. सरदाराने मान वळवली.

सभागृहात एकही चकती कुरकुरली नाही. सगळ्या गल्लीचे ओठ एकदम हलायला तयार झाले, शिगेहारुचेही. "सर..."

आणि हेर आतच होता. हातात वाफाळते वाडगे घेऊन खोलीच्या मधोमध. दार बंद. दाराशी कुणी नव्हतं. सरदार म्हणाला, "ठेव तिकडे," आणि गाणं सुरू झालं.

पुढचा अर्धा तास माणसं हसली, पण एकेकटी, जेवताना ठसका लागल्यासारखी. फिल्म आपली धावत राहिली. शिगेहारुचं बोट तिच्या कडेवर होतं. कुठे जोड लागेल, एखादी गाठ, एखादी तुटलेली कड, म्हणून तो चाचपत होता. चिंधीसुद्धा लागली नाही. हामाजिमा खरं बोलले होते; वाक्य कापलं गेलं होतं ते स्टुडिओतच. आणि तिथे उभ्या उभ्या, उशिरा आलेल्या पत्रांसारखी, सगळी वाक्यं त्याला एकामागून एक पोचायला लागली. तोसाची माणसं उत्साही. आठवणीत किती स्वच्छ. कशाला एवढा व्याप. अख्खी गल्ली डबे घेऊन गेली होती तेव्हा. अख्ख्या गल्लीने हेच पाहिलं होतं. कुठलाही अड्डा नाही, बुटातला टेलिफोन नाही, आणि ही सगळी माणसं तेव्हापासून आजवर एक गुपित सांभाळून होती. प्रत्येक बारशाला मान डोलवून. बावळट हेर एकच होता, आणि तो यंत्राशेजारी उभा होता.

फिल्मचं टोक सुटून चाकावर फटफट आपटायला लागलं. पडदे उघडले. उजेडात सगळे फार म्हातारे दिसत होते.

रोकुरो वळले नाहीत. "माझे डोळे आता धड नाहीत," भिंतीकडे बघतच ते म्हणाले. "शेवयावाला आला तेव्हा दाराशी कोण होतं?"

"दार मात्र सुबक केलं होतं," निशिओ म्हणाले. "हल्ली असं सुतारकाम होत नाही."

"आणि ते वाडगे," ओकुदासान म्हणाल्या. "लाखेचे असतील नाही? काय चकाकी."

"पडदा किती पांढरा," मागून कुणीतरी म्हणालं. "धुतलेला दिसतोय."

"बाबा, फिल्म जुनी आहे," कानाए घाईने म्हणाली. "मध्येच तुटलेली असणार. तुटतात. हो ना, अहो? तुटते ना अशी?"

सगळी गल्ली शिगेहारुकडे वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्यांचा न बोललेला शब्दन् शब्द समजला. तुटते म्हण. मान डोलव. आम्ही चहा ओततो. किती सोपं होतं. त्याने मान हलवायलाही घेतली.

रोकुरो उशीवर हात टेकून सावकाश वळले. हनुवटीवरचं रक्त सुकलं होतं.

"ह्यांना विचारून उपयोग नाही," ते म्हणाले. "मी परत आलो त्या संध्याकाळीही विचारलं होतं. सगळे म्हणाले, देखावे फार सुंदर आहेत. मग मी पुन्हा विचारलंच नाही." त्यांचे दुधाळ डोळे यंत्राच्या दिशेने, थोडे चुकून, त्याच्या खांद्यापलीकडे लागले. "शिगेहारु. तू तोसाचा आहेस. तू सांग."

शिगेहारुने यंत्राचा दिवा बंद केला. 

"बाबा, फिल्म कुठेही तुटलेली नाही. तुम्ही या पिक्चरमध्ये नाही."